रासबेरीची खरड छाटणी

वाईच्या अण्णांचा राग एसटीनं सांगलीला निघाला आणि अण्णांच्या आधी पोचला, हे कुणी खरं मानणार नाही. नका मानू. पण अण्णांची गाडी कराडच्या स्टँडवर चहापाण्याला थांबली होती, तेव्हाच इकडे सांगलीत, कुपवाड रस्त्याच्या आतल्या अंगाला, त्यांचे व्याही कल्लाप्पा यांच्या घरी गॅस बारीक असतानाही दूध उतू गेलं. दारातलं कुत्रं उठलं आणि शेजारच्या लालासाहेबांच्या पायरीवर जाऊन बसलं. अण्णांची मुलगी स्वानंदी ओटा पुसता पुसता नवऱ्याला म्हणाली, "भरतेश, आज कारखान्यातून लवकर ये. अण्णा येतायत."

"मग? येऊ देत की."

"फोनवर ओरडले नाहीत. हळू बोलत होते."

भरतेशनं गाडीची किल्ली उचलली आणि तो कुपवाडला निघून गेला. सासरे हळू बोलले की काय होतं, हे त्यानं लग्नाच्या बोलणीत पाहिलं होतं.

अण्णांचं वाईत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायच्या. त्या कामात रागावता येत नाही. हात हलला की गेलं. म्हणून दिवसभराचा राग ते डब्यासारखा घरी घेऊन यायचे आणि शरयू, त्यांची बायको, तो परसात रासबेरीच्या जाळीशी बसून ऐकून घ्यायची. ऐकता ऐकता वाळकी काडी काढायची, तण उपटायची आणि शेवटी म्हणायची, "झालं? आता हात धुवा." शरयू गेली आणि अण्णांचा राग बेवारस झाला. मग ते एकटेच जाळीपाशी बसून बोलू लागले. जाळी ऐकायची. आळीतले लोक शपथेवर सांगतात की अण्णा सरकारवर घसरले की जाळीचे काटे अर्ध्या बोटानं वाढायचे.

ही जाळी शरयूनं माहेरून आणलेली, पाचगणीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून. फेब्रुवारी संपता संपता तिला पांढरी बारीक फुलं यायची, मग हिरवे दाणे, मग लाल. बोटांच्या चिमटीत धरलं की देठावरून टोपीसारखं सुटून हातात येणारं फळ. त्यातली निम्मी शेजारी जायची, पाव हिश्श्याचा मुरंबा व्हायचा आणि उरलेली अण्णा उभ्या उभ्या खायचे. हिरव्या काडीला त्यांचा हात लागला की शरयू चापट मारायची. "जुनी काढायची. हिरवीला पुढच्या वर्षी फळ येतं. कळतं का काही?" अण्णांना कळायचं नाही, पण चापट पाठ झाली होती.

आणि या मार्चात अण्णा भाच्याच्या साखरपुड्याला लोणंदला गेले. एकच मुक्काम. परत येऊन पाहतात तर परसाची मागची भिंत नाही आणि जाळीच्या जागी कमरेइतका चर. गटाराच्या कामाला आलेला जेसीबी वळायला जागा नव्हती, म्हणून तो शरयूच्या रासबेरीवरून वळला होता.

"काका, काटेरी झुडूप होतं," मुकादम म्हणाला. "काढून टाकलं. उलट तुमचं परस साफ झालं."

त्या मुकादमाला अण्णा काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. एवढंच सांगता येतं की जेसीबीनं स्वतःहून रिव्हर्स घेतला. अण्णांनी ढिगारा उकरला, मुळ्या शोधल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, पण दोन दिवसांच्या उन्हात त्या सुतळीसारख्या झाल्या होत्या. सगळी जाळी गेली.

सगळी नव्हे. स्वानंदीच्या लग्नात बाकीचे लोक भांडी देत होते, तेव्हा शरयूनं मुलीच्या गाडीच्या डिकीत ओल्या पोत्यात गुंडाळून चार फुटवे ठेवले होते. "सासरी लाव. सावलीला." पुढच्या वर्षी शरयू गेली. म्हणजे तिच्या हातचं एवढंच आता जगात शिल्लक होतं, तेही व्याह्यांच्या दारात.

अण्णांनी फोन लावला. "स्वानंदी, आपली रासबेरी कशी आहे?"

"आहे की. जिवंत आहे." मग ती म्हणाली, "पण अण्णा, एकदाही फळ धरलं नाही. आप्पा म्हणतात वांझोटी जात आहे. बागेचा माल निघाला की काढून टाकणार आहेत ते. तिथं गाडीसाठी शेड घालायचंय."

"असं म्हणतात का," अण्णा हळूच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीची सांगली गाडी त्यांनी धरली.

आता कल्लाप्पा. घरीदारी सगळे त्यांना आप्पा म्हणत. बेडगला त्यांची द्राक्षबाग, आणि बाग लावली तेव्हापासून तिची कात्री त्यांच्याच हातात. मजूर कितीही असोत, आप्पांचा हात फिरल्याशिवाय वेल पुरा झाला असं नाही. द्राक्षाला दोन छाटण्या. माल उतरला की एप्रिलात खरड छाटणी: सगळी काडी एका-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींवर, आणायची, वेल बोडका करायचा. मग पावसाळाभर नवी काडी वाढते आणि ऑक्टोबरात तिला फळछाटणी, डोळे फुटायला वरून पेस्ट. बेडगला पोरगं चालायला लागलं की त्याला कात्री कळते, असं म्हणतात, आणि आप्पांच्या बाबतीत तर ते कात्री धरूनच जन्मले असं त्यांची आई सांगायची.

अण्णा फाटकातून आत आले ते पाणीही न पिता थेट घराच्या मागं गेले. पिशवी खांद्याला तशीच. आणि तिथं जे दिसलं त्यानं ते जागच्या जागी थिजले.

शरयूची रासबेरी तारेवर चढवली होती.

दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, मधे ताणून तीन तारा, तारांना सुतळीनं बांधलेल्या काड्या. खाली जुनी बुडखी, एका-दोन डोळ्यांवर अगदी नेटकी कापलेली, कापलेल्या तोंडांवर जुन्या पेस्टचे वाळके डाग. प्रत्येक एप्रिलात बोडकी, प्रत्येक ऑक्टोबरात पुन्हा बोडकी. जी काडी पुढच्या वर्षी फळणार, ती पुढचं वर्ष बघायलाच राहत नव्हती.

"या अण्णा, जय जिनेंद्र," मागून आप्पांचा आवाज आला. "बगा, निगा कशी राखलीया. माझ्या बागंतल्या वेलालासुदा एवडी तार न्हाई."

अण्णांनी बुडख्याकडे बोट दाखवलं. "आप्पा, ही छाटता तुम्ही?"

"मंग? तशीच सोडू? वरसातनं दोनदा. खरड बी, फळछाटणी बी. औंदा ऑक्टोबरात तेवडी ऱ्हायली. बागंत पावसानं धिंगाणा घातला, हिकडं बगायला सवड कुणाला हुती." आप्पांनी एका काडीला प्रेमानं बोट लावलं. "आता माल निगाला. परवा बागंला कात्री लागंल. तवा हिला बी एकदाची लावतो, मुळासकट."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. चष्मा कपाळावर चढवला आणि काडीच्या शेंड्याकडे डोळा नेला, घड्याळाच्या पोटात न्यावा तसा. ऑक्टोबरची कात्री चुकलेली ती काडी. शेंड्याला बारीक, हिरवट, लवदार गाठी होत्या, मोहरीएवढ्या. कळ्या.

"महिनाभर थांबा," अण्णा म्हणाले. "फळ येईल."

"तीन वरसं थांबलो की."

"तीन वर्षं तुम्ही तिचा गळा कापत होता."

हे वाक्य जरा मोठ्यानं आलं. पलीकडच्या कंपाउंडवरून लालासाहेबांचं डोकं वर आलं. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला हा शेजारी कुठेही आवाज चढला की आधी हजर राही.

आप्पांचा चेहरा बदलला. "काय म्हणालासा?"

"म्हणालो की ही द्राक्ष नाही. हिला तुमची ती खरड का बिरड लागत नाही. येईल त्याला कात्री लावत सुटायचं म्हणजे शेती नव्हे."

"अण्णा, तुमचं घड्याळ बिगडलं तर मी शिकवाय येतो का? माझ्या हाताखालनं बाग गेली हाय बाग. छाटल्याबिगर फळतं असं जगात झाड न्हाई."

"आंबा छाटता? चिंच छाटता? का त्याला पण तार लावून पेस्ट फासता?"

"फासली असती," आप्पा म्हणाले, "आन् आंबा लगडला असता. ह्यो तुमचा वाईचा माल वांझ हाय, ते कबूल करा की. उगं पावण्याच्या पोराच्या डिकीत काटं भरून दिलं."

तिथंच पेटलं. अण्णांना बोलायचं होतं एक आणि तोंडातून निघालं भलतंच. त्यांनी डिकीचा विषय काढला, लग्नातल्या मानपानाचा काढला, जावयानं साताऱ्याला कधीतरी गाडी न थांबवल्याचा काढला. आप्पांनी वाईच्या पाण्याची चव काढली. अण्णांनी सांगलीचं ऊन काढलं. लालासाहेब मधेच म्हणाले, "सीजफायर, सीजफायर," आणि दोघांनी मिळून त्यांना, तुम्ही मधे पडू नका, असं एका सुरात सुनावलं. त्या दिवशी दोघांचं जमलेलं एकच वाक्य ते. त्यांच्या आवाजानं कुपवाडच्या दोन कारखान्यांत पाळी सुटली असं समजून कामगार गाड्या काढून घरी निघाले म्हणतात. भरतेशनं ते नाकारलेलं नाही.

बायको काय म्हणायची, ते अण्णा बोलले नाहीत. शरयूचं नावही काढलं नाही. ज्या माणसानं तिच्या काड्या बोडक्या केल्या, त्याच्या पुढ्यात तिचं नाव घेऊन विनवायचं? त्यापेक्षा जीभ चावली तर बरी.

"परवा कशाला," आप्पा शेवटी म्हणाले, "उद्याच सकाळी काडतो. भरतेशला कुदळ आणाय सांगतो."

स्वानंदी दारात उभी होती. ती दोघांकडे बघत म्हणाली, "झाडावरून भांडताय ना? मग दोघांनी मिळून मलाच उपटून टाका." आणि आत गेली. तिच्या सासूनं, चंदनबालानं, बाहेर येऊन शांतपणे सांगितलं, "पानं वाडल्यात. दिवस मावळायच्या आत बसा. भांडान जेवून झाल्यावर बी हुतंय."

सूर्यास्ताच्या आत जेवायचं, हा त्या घरचा नेम. अण्णा वाईत रात्री साडेनऊच्या आत ताटावर बसायचे नाहीत. त्या उजेडात त्यांनी दोन घास गिळले, तेही रागानं. समोर आप्पा ताट पुसून पाणी पिऊन उठले. ताटात कण नाही. दारात आलेली मुंग्यांची रांग त्यांनी पाय उचलून ओलांडली, आणि चंदनबालाला म्हणाले, "खराटा नगो मारू तितं, बस्तीतनं आल्यावर बगू." मग ते दोघं आरतीला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेले.

अण्णा त्या मुंग्यांकडे बघत राहिले.

रागावलेला माणूस फार चांगला विचार करतो, याचा हा पुरावा समजा. मुंगीला वाट देणारा माणूस पाखराच्या घरट्याला कात्री लावील का? अण्णा उठले. लालासाहेबांच्या मधुमालतीत बुलबुलाचं जुनं, सोडून दिलेलं घरटं त्यांनी भांडता भांडता पाहून ठेवलं होतं. भांडताना त्यांची नजर फार तीक्ष्ण व्हायची. काठीनं ते अलगद उतरवलं. मग खिशात हात घातला. प्रवासात घसा सुकतो म्हणून ते पेपरमिंटच्या गोळ्या बाळगत, पांढऱ्या आणि गुलाबी. तीन गुलाबी काढल्या, तोंडात घोळवून घोळवून एका टोकाला निमुळत्या केल्या, रुमालावर वाळवल्या. भिंग त्यांच्या पिशवीत कायम असे. ते डोळ्याला लावून लाल बॉलपेनच्या टोकानं त्यांवर ठिपके दिले. पुढं बुलबुलीणसुद्धा क्षणभर स्वतःवर संशय घेईल, असं ते काम होतं. आप्पांचं पाऊल फाटकात वाजलं तेव्हा घरटं रासबेरीच्या मधल्या तारेवर, दोन काड्यांच्या बेचक्यात, सुतळीनं बसलेलं होतं आणि अण्णा ओसरीवर पाय हलवत पेपर वाचत होते. उलटा धरून.

सकाळी भरतेश कुदळ घेऊन आला. आप्पा पुढं, कात्री हातात. पहिली काडी धरली, आणि हात तिथंच थांबला.

"ह्ये काय रं?"

"काय?" अण्णा जांभई देत म्हणाले.

"घरटं. अंडी हायत." आप्पा दोन पावलं मागं सरले, आणि भरतेशच्या हातातली कुदळ काढून त्यांनी अशी हळू भुईवर ठेवली की जणू तिचाही आवाज अंड्यांना लागेल. "कुणी जवळ जायचं न्हाई. मान्साची सावली पडली तर माय टाकून जाती."

"पण काल तर नव्हतं काही," भरतेश म्हणाला.

"तुला काय दिसतंय," अण्णा झटकन म्हणाले. "बुलबुल आहे ती. वाईला आमच्या जाळीत हीच यायची. वास ओळखून आली असणार. पाखराला वास फार. साताऱ्याच्या अलीकडं मी तिला एसटीच्या टपावर बसलेली पाहिली, तेव्हा मला वाटलं, असेल दुसरी."

भरतेशनं सासऱ्यांकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि तो कामाला निघून गेला. आप्पांनी मात्र मान हलवली. "पिल्लं उडंपातूर कात्री न्हाई. शेड बी न्हाई. काय व्हायचं ते हू दे."

अण्णा जिंकले होते. पण जिंकलेल्या माणसाचा राग उतरतो हे खोटं आहे.

कारण आता त्यांना वाईला परत जाता येईना. ही न येणारी बुलबुल रोज येत होती हे सांगायला दुसरं कोण होतं? रोज सकाळी आप्पा बस्तीतून आले की विचारायचे, "आली हुती?" आणि अण्णांना सांगावं लागायचं, "आत्ताच. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात आणि भुर्र." कधी म्हणायचं, ती आप्पांना लाजते. कधी म्हणायचं, ऊन चढलं म्हणून कृष्णेवर पाणी प्यायला गेली. एकदा तर, तिचा नवरा मिरजेला गाणं शिकायला जातो, असंही त्यांच्या तोंडून गेलं, आणि आप्पा म्हणाले, "जात असंल. मिरजेला सगळंच शिकत्यात." अण्णांना वाटलं, हा माणूस एकदा तरी म्हणेल, अण्णा, थापा मारू नका. म्हणजे भांडता येईल. पण तो तसं म्हणालाच नाही.

उलट त्यानं घरट्यावर सावली हवी म्हणून आपलं नवं पांढरं उपरणं तारेला बांधलं. पाण्याची परळ ठेवली. लालासाहेबांचा रेडिओ कंपाउंडपाशी वाजायचा, तो, "सुबेदार, लेकुरवाळी हाय, जरा बारीक करा," असं सांगून बंद करवला. गाडी उन्हात तापून स्टीअरिंगला हात लावता येईना, तरी शेडचं नाव नाही. बेडगच्या बागेत खरड छाटणी सुरू झाली, मजूर फोनवर फोन करू लागले, आणि आप्पा तिकडे कात्री चालवून संध्याकाळी घामेजून आले की आधी मागच्या अंगणात डोकावायचे, लांबूनच, टाचा उंचावून.

हे अण्णांना सहन होईना. ज्याच्यावर चिडायला आलो, तो चिडण्याजोगा राहीना, याचाच त्यांना संताप येऊ लागला. रात्री भुकेनं झोप लागायची नाही. सूर्यास्ताच्या आधी जेवलेलं केव्हाच जिरून जायचं. ते पडल्या पडल्या आप्पांच्या त्या तारांना शिव्या द्यायचे, पेस्टला द्यायचे, जेसीबीला द्यायचे, आणि सगळं देऊन झालं की उरलेली एखादी स्वतःला.

कळ्या फुटल्या. पांढरी फुलं आली, झडली. हिरवे दाणे धरले. अण्णा दुपारी जाळीशी बसायचे, पण गप्प. इथं बोलायची सोय नव्हती. चंदनबाला धुण्याचं पाणी बादलीतून मुळाशी ओतायला सारखी ये-जा करायची आणि जाताना घरट्याकडे एक नजर टाकायची. काही बोलायची नाही. ती फार कमी बोलणारी बाई.

एप्रिल संपत आला तेव्हा पहिला घोस लाल झाला. सांगलीच्या त्या उन्हात, जिथं दुपारी रस्त्यावरचं डांबरसुद्धा सावली शोधतं, तिथं शरयूची रासबेरी पिकली. रविवार होता. भरतेश घरी. स्वानंदीनं वाटी आणली. लालासाहेब वाटीच्या वासानंच कंपाउंड ओलांडून आले.

आप्पांनी एक फळ चिमटीत धरलं. ते टोपीसारखं सुटून हातात आलं. त्यांनी ते तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि मग लालासाहेबांना म्हणाले, "बगा सुबेदार. पेस्टचा गुण. तीन वरसं लावली, तवा कुठं लागू पडली."

अण्णांच्या कानातून वाफ आली, असं बघणारे सांगतात.

"पेस्टचा," अण्णा म्हणाले. आवाज हळू होता. स्वानंदीनं वाटी खाली ठेवली. "पेस्टचा गुण. आप्पा, तुमच्या ऑक्टोबरच्या पावसानं तुमची कात्री चुकली, म्हणून ही काडी वाचली. एप्रिलची कात्री थांबली, म्हणून ती फळली. वर्षातून दोनदा तुम्ही हिचं येणारं वर्षच कापून टाकत होता. आणि वर म्हणत होता वांझ. तिला वांझ म्हणत होता."

"मी झाडाला म्हणालो," आप्पा म्हणाले.

"झाड तिचं आहे. शरयूचं. वाईला होतं ते जेसीबीनं नेलं, एक मुळी ठेवली नाही. तिच्या हातचं आता एवढंच आहे, या तुमच्या तारेवर. ते उपटून तुम्ही गाडी लावणार होता. गाडी." अण्णांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो रागानंच सांधला. "लावा. लावा शेड. मी काय बोलणार, मी मुलीकडचा."

आप्पांनी काडीवर राहिलेल्या देठाकडे पाहिलं, पांढऱ्या, टोकदार, रिकाम्या.

"ह्ये पयल्या दिवशी सांगायचं हुतं," ते म्हणाले.

"विचारलंत तुम्ही?"

"न्हाई विचारलं." आप्पा वाकले आणि जमिनीलगतचं काहीतरी बोटानं उकरून पाहू लागले. बुडातून एक नवा कोंब माती फोडून वर येत होता. "ह्ये बगा. फुटवं निगाय लागल्यात. पाऊस पडला की जूनला काडून देतो, वाईला न्या. हितली हितं ऱ्हाईल. शेड फाटकापाशी घालू, गाडीला काय कळतंय. भरतेश, तारा काड उद्या."

"तारा राहू द्या," अण्णा गुरगुरले. "आता सवय झाली असेल तिला."

"आन् छाटणी?"

"जुनी काढायची. हिरवीला हात लावायचा नाही."

"लावला तर?"

"चापट बसेल."

आप्पांनी मान डोलावली, नवीन कामगारानं डोलवावी तशी, पण तोंड वाकडंच ठेवून. स्वानंदीनं वाटी पुन्हा उचलली. अण्णांचा राग महिनाभरात पहिल्यांदा जरा टेकला, आणि ते मोकळे झाले की त्यांचं तोंड सैल सुटतं, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक होतं.

लालासाहेब दुसरं फळ उचलत म्हणाले, "वो सब ठीक हाय. पण आप्पा, त्या घरट्याचं काय झालं? महिना झाला. पिल्लं कुठं गेली?"

सगळे घरट्याकडे वळले. आप्पा जवळ जायला निघाले, तसे अण्णा मधे उभे राहिले.

"उडाली," अण्णा म्हणाले. "परवाच. तुम्ही बेडगला होता. तीन होती. आधी मोठं उडालं, त्यानं तारेवर दोन फेऱ्या घेतल्या. मग मधलं. धाकटं भित्रं, ते माझ्या खांद्यावर येऊन बसलं, मी म्हटलं, जा बाळा, तर माझ्या टोपीवरून झेप घेतली आणि तिन्ही मिळून सरळ उत्तरेला, वाईच्या बाजूला. जाताना आईनं मागं वळून तुमच्या उपरण्याकडे पाहिलं, आप्पा. मी स्वतः पाहिलं."

आप्पांनी हात जोडले. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

चंदनबालानं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"अण्णा," ती म्हणाली, "मी हितं रोज पानी घालतीया. पेपरमिंटच्या गोळीला पंख फुटल्यालं मी तरी बगितलं न्हाई. पयल्याच आटवड्यात मुंग्यांनी खाल्ली तुमची अंडी."